कपापर्यंत राखून ठेवलेला आनंद

मार्च महिना जवळ आला की आमच्या कचेरीत दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. एक सरकारी: वर्षभर पडून राहिलेली बिले, खर्ची न पडलेले अनुदान, कोषागाराच्या फेऱ्या. दुसरा चहाच्या टेबलावरचा: एफसी गोवाचे गुण किती झाले, सामने किती उरले, वर कोण, खाली कोण, आणि यंदा तरी कप येणार की नाही. माझे घर पेडण्यात आणि नोकरी डिचोलीत. हे दोन्ही तालुके फुटबॉलचे नव्हेत असे सासष्टीतले लोक म्हणतात आणि खरे सांगायचे तर आम्हीही ते मनातल्या मनात मान्य करून टाकले आहे. आमच्याकडे क्रिकेट, कबड्डी, व्हॉलिबॉल. पण मार्चात आम्हीसुद्धा फुटबॉलचे तज्ज्ञ होतो.

२०२४-२५ च्या हंगामातली गोष्ट. आमच्या टेबलावर तेव्हा तीन पंथ होते. पहिला आमच्या हेडक्लार्कांचा. "मार्चात धावतो तो एप्रिलात बसतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य. दुसरा पंथ नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका कनिष्ठ कारकुनाचा. तो कॅल्क्युलेटर घेऊन बसे आणि अमुक हरला, तमुकाने बरोबरी केली तर आपण कुठे, हे कागदावर मांडून दाखवी. तिसरा पंथ सासष्टीहून बदली होऊन आलेल्या एका सहकाऱ्याचा. त्याच्या घरी तीन पिढ्या फुटबॉल. तो मात्र फारसे बोलत नसे. भाजीपाव खाता खाता एवढेच म्हणे, "पळोवया." मी चौथा, रोज पंथ बदलणारा.

वादाचा मुद्दा एकच होता. हंगामाच्या उत्तरार्धात संघ सुधारला आहे हे सगळ्यांनाच दिसत होते. पण ती सुधारणा कप आणण्याइतकी आहे का?

आता, उशिरा आलेला जोर खरा की वरवरचा, हे आम्हा कारकुनांना कोणी शिकवायला नको. मार्च एंडिंग दोन प्रकारचे असते. एखाद्या खात्यात वर्षभर काहीच हललेले नसते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खुर्च्या, पंखे, कपाटे धडाधड खरेदी होतात. आकडा भरतो, काम काही झालेले नसते. दुसऱ्या खात्यात पावसाळ्यापासून निविदा, मोजमाप, तपासणी चाललेली असते, फक्त बिल मार्चात निघते. वरचा कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो. फरक कळण्यासाठी फाईल पहिल्या पानापासून चाळावी लागते.

तर त्या हंगामाची फाईल चाळू. सप्टेंबर २०२४ मध्ये पहिलाच सामना फातोर्ड्याला, जमशेदपूरविरुद्ध. इंज्युरी टाइममध्ये गोल खाऊन आपण १-२ ने हरलो. पुढचा सामना मोहम्मेडनशी, १-१ बरोबरी. ईस्ट बंगालला कोलकात्यात ३-२ ने हरवले, तिन्ही गोल बोर्जा हेरेराचे. लगेच घरच्या मैदानावर नॉर्थईस्टशी ३-३. म्हणजे गोल होत होते, पण तेवढेच खातही होतो. तेव्हा आमच्या टेबलावर फुटबॉलचा विषयच नव्हता. चवथ झाली होती, पुढे दसरा आणि पेडण्याची पुनव यायची होती.

मग डिसेंबर. २० डिसेंबर २०२४ रोजी फातोर्ड्याला मोहन बागानला २-१ ने हरवले. दोन्ही गोल ब्रायसन फर्नांडिसचे, आपल्याच मातीतला पोरगा. हा तोच मोहन बागान, ज्याने पुढे ५६ गुणांसह त्या हंगामाची लीग जिंकली. त्याला हरवणे म्हणजे मार्चात पंखे खरेदी करणे नव्हे. आणि हंगाम संपला तेव्हा २४ सामन्यांत ४८ गुण, १४ विजय, फक्त ४ पराभव आणि तक्त्यात दुसरा क्रमांक. पहिल्या चार सामन्यांतला संघ आणि शेवटचा संघ यांत जो फरक पडला तो सहा महिन्यांच्या कामाचा होता. या कसोटीवर आमचे हेडक्लार्क चुकले होते, हे मी त्यांना त्यांच्या समोर नव्हे, पण इथे तरी स्पष्ट सांगतो.

पण एप्रिलात ते बरोबर ठरले! उपांत्य फेरीचा पहिला सामना बंगळुरूत आपण ०-२ ने हरलो. ६ एप्रिल २०२५ रोजी फातोर्ड्याला परतीचा सामना. बोर्जाने एक गोल केला, ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा. एकूण २-२. त्या रात्री मी पेडण्यात घरी टीव्हीसमोर होतो. आता जादा वेळ खेळला जाणार म्हणून बायकोला चहा टाकायला सांगितले आणि चहा उकळायच्या आत सुनील छेत्रीने डोक्याने चेंडू आत घातला. ९० अधिक २. खेळ संपला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हेडक्लार्कांनी काही म्हटले नाही. नुसते माझ्याकडे बघून कॅलेंडरचे मार्चचे पान फाडले. ते आधीच फाडायला हवे होते, पण ते राखून ठेवले असावे.

गोव्याच्या चाहत्याला या शेवटच्या पाच मिनिटांचे दुखणे जुने आहे. २० डिसेंबर २०१५, आयएसएलची अंतिम फेरी, तीही फातोर्ड्याला. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर आपण चेन्नईविरुद्ध २-१ ने पुढे. नव्वदाव्या मिनिटाला स्वयंगोल, दोन मिनिटांनी मेंडोझाचा गोल, आणि कप चेन्नईला. मार्च २०१९, मुंबईतली अंतिम फेरी. ११७ व्या मिनिटाला बंगळुरूच्या राहुल भेकेचा एकमेव गोल. २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल राहून लीग शिल्ड मिळवणारा पहिला संघ आपला, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट जाणारा पहिला भारतीय क्लबही आपला. पण उपांत्य फेरीत पुन्हा चेन्नई. तिथे १-४, इथे ४-२, एकूण ५-६. आणि २४ एप्रिल २०२४ ची रात्र तर विसरूच नये अशी. मुंबई सिटीविरुद्ध नव्वद मिनिटे होईपर्यंत आपण २-० ने पुढे होतो. नंतरच्या सहा-सात मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि फातोर्ड्याहून २-३ ने हरून परतलो. २०१४ ते २०२५ अशा अकरा हंगामांत आयएसएलचा कप गोव्याला एकदाही मिळाला नाही.

यावर आपल्याकडे लोक एका शब्दात निकाल देतात: नशीब! कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी फातोर्ड्याच्या मैदानालाच दोष देतो. माझे मत विचाराल तर हा आळशी निकाल आहे. शेवटच्या मिनिटांत गोल का होतात, याची कारणे कोणत्याही गावच्या मैदानावर दिसतात. पुढे असलेला संघ आघाडी राखायला मागे सरकतो. मागे सरकला की चेंडू पायात टिकत नाही. समोरच्याला गमावण्यासारखे काही नसते म्हणून तो एकेक माणूस पुढे पाठवतो, ताजे पाय मैदानात आणतो. थकलेली बचावफळी एकदा चुकते, मग घाबरून दुसऱ्यांदा चुकते. यात ग्रहांचा काही संबंध नाही.

दुसरे असे की लीग आणि बाद फेरी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. २४ सामन्यांत एखादा वाईट दिवस पचतो. दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीत तो पचत नाही. वर्षभर उत्तम काम करणाऱ्या कारकुनाची खात्याच्या परीक्षेत एखाद्या पेपरला दांडी उडते, म्हणून त्याने वर्षभर हाताळलेल्या फायली काही खोट्या ठरत नाहीत. एप्रिलातल्या पराभवाने डिसेंबरातला मोहन बागानवरचा विजय पुसला जात नाही. पण आपण चाहते नेमके तेच करतो. उत्तरार्धात संघ सुधारला की त्या सुधारणेचा आनंद घेत नाही. तो कपाच्या नावाने राखून ठेवतो, मुदत ठेवीसारखा. आणि मग ९० अधिक २ मिनिटांनी बँकच बुडते.

हे मला पटायला २०२५ साल यावे लागले.

उपांत्य फेरीतल्या त्या पराभवानंतर त्याच महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप सुरू झाला. तीच माणसे, तोच संघ. पहिल्या सामन्यात गोकुलम केरळाला ३-० ने हरवले. उपांत्यपूर्व फेरीत पंजाब एफसी १-० ने पुढे होता. नव्वदावे मिनिट लागले आणि बोर्जाने बरोबरी केली. इंज्युरी टाइममध्ये मोहम्मद यासिरने दुसरा गोल केला. ज्या पाच मिनिटांना आपण दहा वर्षे शिव्या घालत होतो, त्याच पाच मिनिटांनी आपल्याला तारले. कुठे गेली ती दृष्ट? उपांत्य फेरीत लीगविजेत्या मोहन बागानला ३-१ ने नमवले. अंतिम सामना जमशेदपूरशी, शनिवार ३ मे २०२५ रोजी.

डिचोली तालुक्यातल्या माणसाला ही तारीख वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. त्या दिवशी पहाटे शिरगावला श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहा जणांचे प्राण गेले, कितीतरी जखमी झाले. आमच्या भागात प्रत्येक गावात धोंड आहेत, प्रत्येक घरातून कोणीतरी त्या रात्री शिरगावला असतेच. सकाळपासून फोन लागत नव्हते, लागले तर बोलवत नव्हते. कोण कुठे आहे, परतला का, एवढेच विचारणे चालले होते.

रात्री मी टीव्ही लावला, आवाज बंद करून. लावावा की नाही, याचाही विचार केला होता. बोर्जाने दोन गोल केले, ड्राझिचने तिसरा. ३-०. शेवटच्या पाच मिनिटांची भीतीसुद्धा उरली नाही. इतकी वर्षे वाट पाहिली तसा निर्भेळ विजय, आणि मी खुर्चीतून उठलोही नाही. कप उचलताना खेळाडू उड्या मारत होते, कागदाचे तुकडे उडत होते, आणि आमच्या खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. सोमवारी कचेरीत त्या सासष्टीच्या सहकाऱ्याने माझ्या टेबलाजवळ येऊन आधी घरच्यांची, गावच्यांची चौकशी केली. मग जाता जाता हळूच म्हणाला, "आमी जिखले." मी मान हलवली. विषय तिथेच संपला.

पुढे डिसेंबरात असेच झाले. ७ डिसेंबर २०२५ रोजी फातोर्ड्याला पुन्हा सुपर कपची अंतिम फेरी, ईस्ट बंगालशी. आदल्या मध्यरात्री हडफडे येथे नाइट क्लबला आग लागून २५ माणसे गेली होती. सामना ०-० राहिला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये आपण ६-५ ने जिंकलो. एकाच वर्षात दोन कप आले आणि दोन्ही वेळा गोव्याच्या घरी सुतक होते.

यातून मला कसलाही शकुन-अपशकुन काढायचा नाही. मगाशी नशिबाला आळशी निकाल म्हटले, आता त्याच वाटेने जाणार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की कप कोणत्या दिवशी येईल हे आपल्या हातात नाही आणि त्या दिवशी आपल्याला हसता येईल की नाही हेही नाही. वर्षभराचा आनंद ज्याने त्या एका रात्रीसाठी राखून ठेवला, त्याच्या हाती त्या दोन्ही रात्री फारसे काही लागले नाही. मी त्यांतला एक. ज्यांनी ब्रायसनचे ते दोन गोल स्टेडियममध्ये उभे राहून पाहिले होते, पहिल्या सामन्यात जमशेदपूरकडून हरून जे चिडत चिडत घरी गेले होते, त्यांच्यापाशी मात्र एक अख्खा हंगाम होता. तो कोणी काढून घेऊ शकत नव्हते.

आता आमच्या पेडणे-डिचोलीकडे वळतो, कारण खरी टोचणी तिथे आहे. आमच्याकडे दशावतारी नाटकाला जाणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक, जे आडदशावतारापासून बसतात, गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासूर सगळे बघतात. दुसरे, जे घरी जेवून, एक झोप काढून आख्यान रंगात आले की येतात आणि पुढची खुर्ची मागतात. फुटबॉलच्या बाबतीत आम्ही उत्तरेकडचे दुसऱ्या जातीचे प्रेक्षक आहोत. सप्टेंबरात संघ धडपडत असतो तेव्हा तो "सासष्टीचा". मार्चात तक्त्यात वर आला की "आमचा". एप्रिलात हरला की पुन्हा "त्यांचा". माझ्याच तोंडून हे शब्द निघालेले आहेत, म्हणून लिहितो.

खरे तर हा खेळ आमच्यापासून किती लांब होता? गोव्यात फुटबॉल आले ते शिवोलीला, १८८३ साली एका पाद्रीबरोबर, असे सांगतात. शिवोली म्हणजे पेडण्याच्या समोरचा काठ. मध्ये फक्त शापोरा नदी. तो चेंडू नदी ओलांडून आमच्या नव्या काबिजादीत यायला मात्र फार वर्षे लागली, आणि आला तो दुसऱ्याचा म्हणूनच राहिला. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक गोव्याने देशाला कर्णधार म्हणून दिला, त्यांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. २००७-०८ ते २०१२-१३ अशी सलग सहा वर्षे आय-लीग गोव्यातच राहिली: धेंपो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. त्या सहा वर्षांत मी तिशीच्या आसपास होतो, पगार हातात येत होता, आणि त्यांतला एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नाही. इतिहास घडत होता आणि मी आख्यानाची वाट बघत झोपलो होतो.

आमच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. सामना साडेसातला सुरू होतो, साडेनऊला संपतो. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून जाणे सोपे झाले, पण परतताना पेडण्याकडे नेणारी बस मला अजून भेटलेली नाही. पेडण्याला विमानतळ झाला; मोपाहून माणूस रात्री देशात कुठेही जाऊ शकतो, फातोर्ड्याहून घरी येणे मात्र अवघड. मोठ्या सामन्यांच्या दिवशी उत्तरेकडे दोन जादा गाड्या सुटल्या तर किती पोरे जातील! आणि त्यांतली दोन-चार पोरे परत येऊन गावच्या शेतात गोलपोस्ट रोवतील. ही मागणी करायला हवी आणि मी करतो. पण मागणी करायचा हक्कही सप्टेंबरात हजर राहणाऱ्यालाच जास्त शोभतो.

२०२५ चा सप्टेंबर आला तेव्हा तर गंमतच झाली. मी ठरवले होते, यंदा पहिल्या सामन्यापासून जायचे. आणि लीग सुरूच झाली नाही! वरिष्ठ पातळीवरच्या करारांचा वाद चिघळला, तारखा पुढे गेल्या, हंगामाला सुरुवात व्हायला २०२६ साल उजाडले. ज्या पहिल्या-दुसऱ्या सामन्यांना आम्ही कधी किंमत दिली नाही, तेच नाहीसे झाले.

तरी सुपर कपच्या विजयाने आशियाई स्पर्धेचे दार उघडले होते. ऑगस्टमध्ये फातोर्ड्यालाच ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवून आपण चॅम्पियन्स लीग टूच्या गटात गेलो आणि २२ ऑक्टोबर २०२५ रोजी सौदीचा अल नास्र फातोर्ड्याला आला. रोनाल्डो आला नाही म्हणून कितीजण हळहळले. मी आणि तो कनिष्ठ कारकून, दोघे एका मोटरसायकलवरून गेलो. आपण १-२ ने हरलो. पण ब्रायसनने त्या तारांगणाविरुद्ध गोल केला तेव्हा शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्या बाबने माझा हात इतका घट्ट धरला की सामना संपेपर्यंत बोटे दुखत होती. परतताना पर्वरीच्या चढावर पावसाने गाठले, घरी पोचायला मध्यरात्र झाली. हरलेल्या सामन्याहून इतका खूश होऊन मी कधी आलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी विचारले, "काय, हरलात ना?"

"हरलो," मी म्हटले. "तुम्ही पण चला पुढच्या वेळी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. मग फाईल पुढे ओढत म्हणाले, "मोटरसायकलवरून मी यायचा नाही. गाडी करा, मग बघू."

गाडी करायचे ठरले आहे. पाचजण जमले आहेत, एक जागा शिल्लक आहे.